काय पायजे, कुठवर पायजे

माझ्या साडूवर लिहायला बसलो तेव्हा बायको म्हणाली, "असलं लिवायचं ते माणूस गेल्यावर. किशोरराव नुसते बंगळूरला गेलेत."

मी म्हणालो, तुझ्या माहेरी त्याचं नाव ज्या आवाजात निघतं त्यावरून मला तरी फरक कळत नाही. भजी तळली की मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणणार, किशोररावांना लई आवडायची. लाइट गेली की मामा म्हणणार, किशोरराव असते तर. किशोरराव असते तरी लाइट गेलीच असती, पण हे मी बोलत नाही. बोललो की मला जळका म्हणतात. मी जळका आहे, त्यात वाद नाही. पण लाइट महावितरणची आहे आणि जळणं माझं स्वतःचं आहे, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात एवढंच माझं म्हणणं.

मी थोरला जावई. धाराशिवात माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. बोर्डावर अजून उस्मानाबादच आहे. रंगवायचा राहिलाय, आणि हल्ली बोर्ड वाचून कुणी जिना चढत नाही म्हणून घाईही नाही. सासरवाडी भूमच्या जवळ एका खेड्यात. मामांना दोन मुलीच. थोरली सुनंदा मला दिली, धाकटी वैशाली पुढं बेंबळीच्या किशोरला. मामांचं घराला लागूनच दूध संकलन केंद्र. सकाळ-संध्याकाळ गावातली माणसं किटल्या घेऊन येतात, दूध मोजायचं, फॅट बघायची, पावती द्यायची, आणि भरलेले कॅन भूमच्या खव्याच्या भट्ट्यांना धाडायचे. मामा काट्यापाशी खुर्ची टाकून बसत, आणि त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

त्या घरात माझा मान होता, आणि तो कशात मोजायचा हे मला पक्कं माहीत होतं. मामांचा पहिला फोन मला यायचा. विहिरीवरची मोटर उचलत नाही, फोन मला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात, फोन मला. मोबाइलवर आलेला निरोप खरा का खोटा, फोन मला. मला त्यातलं काही येत असे असं नाही. फोन येत असे. मी चालू क्लासमधून उठून व्हरांड्यात जायचो, मोठ्यानं "बोला मामा" म्हणायचो, आणि पोरांना कळायचं की सरांना कुणीतरी विचारतं.

मग वैशालीचं लग्न झालं.

लग्नातलीच गोष्ट सांगतो. आमच्यात कानपिळी असते, नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. मामांना मुलगा नाही म्हणून चुलत मेव्हणा बापू पुढं झाला. बापूनं हात उचलला तर किशोर शांतपणे म्हणाला, "कुठला कान पायजे?"

बापू गोंधळला. कुणी विचारत नसतं. म्हणाला, कुठलाबी.

"असं नको. कुठला? आणि पीळ कुठवर?"

बापूचा हात हवेतच. शेवटी त्या दोघांचं ठरलं: उजवा कान, एकदाच, अर्धा पीळ. बापूनं अगदी तेवढाच पिळला, एखादी नाजूक कळ फिरवावी तसा. मग मंडप जो हसला तो वऱ्हाड निघेपर्यंत हसत होता. आणि संध्याकाळी मामी सुनंदाला म्हणाल्या, "लई सभ्य माणूस मिळाला बाई."

माझा कान याच बापूनं लालभडक होईपर्यंत पिळला होता. मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तेव्हा मला कुणी सभ्य म्हणालेलं मला आठवत नाही.

किशोर उंच, किंचित पुढं झुकलेला, आणि बोलताना दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहणारा. वस्तूंना हात लावू नये असं लिहिलेल्या जागी माणूस उभा राहतो तसा तो सगळीकडं उभा राहायचा, स्वतःच्या घरातसुद्धा. सासरवाडीत आला की ओसरीवर थांबायचा. दार उघडं, आत सगळे आपलेच, तरी "येऊ का?" आत आल्यावर "बसू का?" तहान लागली की, "मामी, पाणी घेऊ का? ह्याच माठातलं?" मी त्या घरात शिरलो की सरळ स्वयंपाकघरात जाऊन पातेल्यांवरची झाकणं उचलून बघायचो. माझ्या मते त्याला माया म्हणतात. मामी माझ्यामागून येऊन झाकणं परत ठेवत असत, हे मला किशोर आल्यानंतर दिसायला लागलं.

बरं, माणूस कद्रू होता म्हणावं तर तसंही नाही. मागाल ते द्यायचा. फक्त देताना विचारायचा, "काय पायजे? कुठवर पायजे?" एकदा बेंबळीला त्याच्या घरी गेलो होतो. दुपारी बसून कंटाळा आला, म्हणून स्कूटर मागितली.

"कुठवर?"

म्हणालो, असंच जरा जाऊन येतो.

"असंच, पण कुठवर?"

तोंडाला आलं ते सांगितलं, वेशीपर्यंत. त्यानं लगेच किल्ली दिली. जुडगा नव्हेच. त्याच्याकडं जुडगा नव्हता. प्रत्येक किल्ली सुटी, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. स्कूटरची घेतली तर तिच्याबरोबर कपाटाची चुकूनही येणार नाही. मी गाडी घेऊन निघालो. मनात होतं की पुढं धाराशिवच्या रस्त्याला मित्राच्या मळ्यावर जावं. पण वेशीपाशी आलो आणि पुढं जाववेना. गाडी झाडाखाली लावली, दगडावर बसलो, येणाऱ्या-जाणाऱ्या शेळ्या बघितल्या आणि परत आलो. वेशीवर माझं काहीही काम नव्हतं. राग असा आला होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण माणसानं मला गाडी दिली होती, तीही टाकी भरलेली.

आता त्याची नोकरी काय होती ते सांगायला पाहिजे. मी कॉम्प्युटरचा मास्तर असून मला ते समजायला बराच वेळ लागला. तेवढं सुनंदाला सांगू नका. पुण्याच्या एका कंपनीचं काम तो बेंबळीच्या घरात माडीवर बसून करायचा. जावास्क्रिप्ट नावाची एक भाषा आहे. तिच्यात लिहिलेला प्रोग्राम ज्याच्या पोटात चालतो त्याला रनटाइम म्हणतात. जुनी रीत अशी की प्रोग्राम एकदा सुरू केला की तो घरचा झाला. कुठलंही कपाट उघडील, बाहेर कुणाशीही बोलील, कोण विचारणार? किशोरचा रनटाइम उलट्या स्वभावाचा. त्यात प्रोग्रामला सुरुवातीला काहीच मिळत नाही. फाइल वाचायची, परवानगी काढा. लिहायची, वेगळी परवानगी. इंटरनेटवरून कुणाशी बोलायचं, तर कुणाशी ते नावानिशी सांगा. प्रोग्राम सुरू करतानाच हे सगळं एका ओळीत लिहून द्यायचं. जे दिलेलं नाही ते घ्यायची वेळ आली की प्रोग्राम जागच्या जागी थांबतो आणि पडद्यावर प्रश्न येतो, हा अमुक मागतोय, देऊ का? वाय दाबलं की दिलं, एन दाबलं की नाही दिलं.

एक मोठं ए अक्षर टाकलं की सगळ्या परवानग्या एकदम मिळतात अशीही सोय आहे. पुष्कळ लोक कंटाळून तेच टाकतात, असं किशोर सांगायचा, आणि सांगताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू शेजारचे दार सताड उघडं टाकून सोनारीच्या यात्रेला गेलेत. कंपनीतले बाकीचे प्रोग्राम लिहायचे. किशोरचं काम म्हणजे ते प्रोग्राम काय काय मागतात ते बघायचं आणि नको ते कापायचं. म्हणजे नाही म्हणण्याची नोकरी, आणि तीही माडीवर पंख्याखाली बसून. मी आयुष्यभर सगळ्यांना हो म्हणत आलो. माझ्या क्लासचा पंखा आवाज करतो.

त्याच्या या विद्येचा प्रसाद मला एका दिवाळीत मिळाला. सगळे बेंबळीला जमलो होतो, मामा-मामीसुद्धा. मी एका ओळखीच्या माणसाकडून एक प्रोग्राम आणला होता. मोबाइलमधल्या सगळ्या नंबरांना तो आपोआप दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायचा, खाली माझ्या क्लासचं नाव. म्हटलं, मामांच्या केंद्रावर हा बसवू, गावभर नाव होईल. फराळ चालू असताना मी तो किशोरला दिला, सहज दिल्यासारखा. त्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला, कुठलीही परवानगी न देता प्रोग्राम सुरू केला, आणि पडद्यावर जे येईल ते वाचत गेला.

"दादा, ह्याला सगळी फोल्डरं वाचायचीत."

म्हणालो, असंल काहीतरी.

"एन. आता ह्याला दुसरा एक प्रोग्राम चालवायचाय. एन. आता ह्याला एका पत्त्यावर बोलायचंय. हा पत्ता कुणाचा?"

मला काय माहीत कुणाचा? मी चकली तोंडात घातली. तोंडात चकली असली की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

"आता ह्याला ह्या मशीनचं नाव, कोण वापरतंय त्याचं नाव, सगळं पायजे."

एवढ्यात मामांनी करंजीवरून मान वर केली आणि अगदी मनापासून विचारलं, "शुभेच्छा द्यायला?"

कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. किशोर तर हसलाच नाही. लॅपटॉप मिटून म्हणाला, "दादा, तुमचा मेसेज मी साधा लिहून देतो. त्याला फक्त नंबर लागतील. बाकी काय न्हाय." आणि दिलाही लिहून, क्लासच्या नावासकट. मामांनी तेव्हाच त्याला सांगितलं की आमच्या केंद्राचं बी एकदा बघा. मी अकरा वर्षं त्या घराचा जावई. मला मोटर आणि टीव्ही, त्याला केंद्र. त्यानंतर हळूहळू मोटरही गेली.

केंद्राचं काम त्यानं झकास केलं, हे मला कबूल करायला आवडत नाही म्हणून थोडक्यात सांगतो. काट्याचं वजन आणि फॅटचा आकडा थेट कॉम्प्युटरवर, पावती आपोआप, आणि दूध घालणाऱ्याच्या मोबाइलवर त्याचा आकडा. सुरुवातीला त्यानं परवानग्या मुद्दाम पक्क्या केल्या नाहीत. प्रोग्राम खरोखर काय काय मागतो ते आधी बघू, मग कायमचं ठरवू, असा त्याचा हिशेब. मामांना सांगून ठेवलं की मशीननं काही विचारलं तर हे वाय आणि हे एन, आणि नवीन काही वाटलं तर मला फोन करा. म्हणजे माझा फोन अधिकृतपणे त्याच्याकडं गेला.

पण मामांनी त्यालाही फोन केला नाही. त्याचं कारण मामांचा स्वभाव. त्यांच्या दाराशी कुणी काही मागायला आलं की मामांचा एकच शब्द असतो, "न्हे की." ताक मागा, शिडी मागा, घमेलं मागा, वैरणीचा भारा मागा, न्हे की. मागणाऱ्याला दारातून रिकामं धाडलेलं त्यांच्या वडिलांनीही पाहिलं नसेल. मग एका सकाळी मशीननं विचारलं, देऊ का? मामांनी चष्मा पुसला, पडद्याकडं बघून "न्हे की" म्हणाले आणि वाय दाबलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं. न्हे की. रोज विचारत होतं, रोज देत होते.

किशोर आठवड्यानं बघायला आला तेव्हा मीही तिथं होतो. पावती छापण्यासाठी त्यानं दुसऱ्या कुणाचा तयार तुकडा वापरला होता. तो तुकडा मध्येच कधीतरी स्वतःला नवा करून बसला होता, आणि आता एका अनोळखी पत्त्याशी बोलायची परवानगी मागत होता. दूध घालणाऱ्यांची नावं, नंबर, सगळं त्याच फोल्डरात. किशोर मामांच्या खुर्चीशेजारी खाली पायरीवर बसला.

"मामा, ह्यानं काय मागितलं हुतं?"

"आता ते इंग्रजीत. पण इचारून मागितलं बघा. दांडगाई न्हाय केली."

"मग तुमी?"

"न्हे की म्हणलं."

माझ्या मनात त्या क्षणी जी दिवाळी झाली ती सांगण्यासारखी नाही. शेवटी एकदाचं त्याचं काहीतरी चुकलं होतं. मी अगदी काळजीच्या आवाजात विचारलं, "काय काय नेलं मग?"

"माहीत न्हाय, दादा," तो म्हणाला. "नेलं का न्हाय तेबी माहीत न्हाय. नेता आलं असतं, एवढं माहीत हाय."

त्याचा चेहरा बघून माझी दिवाळी विझली. तो मामांना एक शब्द बोलला नाही. "चूक माझी," म्हणाला. "ज्यांना न्हाय म्हणायची सवय न्हाय त्यांच्या पुढ्यात मी परके उभे केले." दिवसभर बसून त्यानं तो तुकडा काढून टाकला, पावतीचं स्वतः लिहिलं, आणि परवानग्यांची ओळ पक्की केली: हे फोल्डर वाचायचं, ह्या फोल्डरात लिहायचं, मेसेज पाठवणाऱ्या त्या एका पत्त्याशी बोलायचं, आणि लोकांच्या बँक खात्यांच्या फाइलीला वेगळी मनाई. शेवटी मशीनचं विचारणंच बंद केलं. जे दिलेलं नाही ते मागितलं तर परस्पर नाही. मामांपर्यंत प्रश्नच यायचा नाही.

आणि मग, बऱ्याच दिवसांनी, मामांचा पहिला फोन मला आला.

"पाव्हणं, मशीन बोलंना."

म्हणालो, बंद पडलं? माझ्या आवाजात आशा होती, ती त्यांना कळली नसावी.

"चालतंय की. झकास चालतंय. पण मला इचारतच न्हाय. परवापस्तोर इचारत हुतं. आता सगळं आपल्या मनानंच. म्या नुसता बसतोय."

भूमच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली आणि रस्ताभर मी मनातल्या मनात भाषण रचलं. अधिक महिना चालू होता. धोंड्याच्या जेवणाला दोन्ही जावयांना बोलावणं होतंच. जाऊन बघतो तर मामा खरंच उतरून गेले होते. काट्यापाशी खुर्ची तीच, पण मामा तिच्यावर पाहुण्यासारखे टेकून बसले होते. एखादा येऊन म्हणायचा, मामा, मेसेज आला बरं का. मामा म्हणायचे, आला का? बरं झालं. दूध त्यांच्या पुढ्यात मोजलं जात होतं आणि आकडा त्यांच्या आधी गावाला कळत होता.

पाट मांडले. मामींनी औक्षण केलं, आधी माझं, मग किशोरचं. तेवढा एक मान अजून शाबूत होता. पुरणाचे धोंडे वाढले, अनारसे वाढले. त्याच्या पानातले अनारसे माझ्याहून जास्त दिसत होते, पण मी मोजले नाहीत. मोजणार होतो, पण सुनंदा बघत होती. मग मी घसा खाकरला आणि गाडीत रचलेलं वाक्य सोडलं. म्हणालो, "किशोरराव, घर मामांचं, केंद्र मामांचं, आणि मशीन मामांनाच विचारत नाही. ही कुठली रीत?"

मामा पानाकडं बघत म्हणाले, जेवा हो, कशाला ते आता. माझं पुढचं वाक्य तयार होतं: हे सगळं काढून टाकू, मी माझ्या पद्धतीनं बसवतो, सगळं मोकळं, कुणाला विचारणं नको आणि कुणाला नाही म्हणणं नको. पण किशोरनं हातातला अनारसा पानात ठेवला, आणि माझ्याकडं न बघता मामांकडं वळला.

"मामा, तुमाला काय पायजे?"

"काय न्हाय."

"काय पायजे, कुठवर पायजे. सांगा."

सासऱ्याला जावयानं असं विचारायचं नसतं. पण मामांना राग आला नाही. त्यांनी बराच वेळ भाताची शितं बोटानं गोळा केली. मग म्हणाले, "ते परकं काय मागतंय, ते मला कळत न्हाय. त्याचं तुमी बघा. पण दूध माझ्या गावचं हाय. लोकास्नी सांगायच्या आदी मला तरी सांगावं."

किशोरनं मान हलवली. मग मामींना विचारलं, "पानावरून उठू का?"

"जेवून घ्या आदी," मामी म्हणाल्या.

तो परत जेवायला लागला. माझं दुसरं वाक्य तसंच राहिलं, आजतागायत.

त्या संध्याकाळी दूध मोजून झालं आणि मशीन थांबलं. पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत आलं: मामा, आजचं दूध मोजून झालं. निरोप धाडू का? खाली सगळ्यांचे आकडे. मामांनी चष्मा लावला. एकेक आकडा वाचला. एकाची फॅट कमी लागली होती, त्याला हाक मारून विचारलं, म्हैस आजारी हाय का रं? सगळं बघून झाल्यावर खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, "धाड की."

त्यांनी बटण दाबलं आणि ओसरीवर, बाहेर कट्ट्यावर, पलीकडच्या गल्लीत एकामागून एक मोबाइल वाजले. अख्खं गाव मामांच्या होकारासाठी खोळंबलं होतं. मामींनी पदर डोळ्याला लावला आणि मी अनारशाचा डबा शोधायला स्वयंपाकघरात गेलो. झाकण उचलायच्या आधी, का कोण जाणे, मागं वळून मामींना विचारलं, उघडू का? मामी म्हणाल्या, तुमाला काय झालंय आज?

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीनं त्याला बंगळूरला बोलावून घेतलं. वैशाली लेकीला घेऊन आधीच पुढं गेली होती. हा सोलापूरच्या गाडीनं निघणार, तिथून रेल्वे. सकाळी माझ्या क्लासच्या दारात हात पाठीमागं धरून उभा.

"दादा, आत येऊ का?"

म्हणालो, या की, दरवेळी काय विचारता.

आत आला, पण बसू का हे विचारलं नाही. उभाच राहिला. मी बघत राहिलो, कारण असं कधी झालं नव्हतं.

"तुमाला न विचारता एक गोष्ट केलीय," तो म्हणाला.

मला वाटलं काहीतरी मोडलं.

"मामांच्या मशीनवर आता परकं कुणी काय मागितलं तर ते मिळत न्हाय, थांबतं. पण पडद्यावर मामांना सांगतं, आदी मोठ्या पाव्हण्यांना फोन करा. तुमचं नाव टाकलंय. नंबर टाकलाय. द्यायचं का न्हाय ते तुमी सांगायचं."

माझ्या तोंडून पटकन निघालं, "मग मला विचारायचं होतं की."

"विचारलं असतं तर तुमी रागानं न्हाय म्हणाला असता." मग म्हणाला, "न्हायतर न ऐकताच व्हय म्हणाला असता. मला दोनीची भीती वाटली."

जन्मभर उंबऱ्यावर थांबलेल्या माणसानं एकच गोष्ट न विचारता केली होती, आणि ती ही. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी जळत होतो तो पहिला फोन त्यानं मला परत दिला होता. रीतसर, नावानिशी, एवढ्यापुरता. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण त्याच्या बुडाशी जुनी आग होतीच: माझा मानसुद्धा याच्या हातून यावा?

त्याची बॅग घेऊन मी स्टँडवर गेलो. बॅग उचलू का असं मी विचारलं नव्हतं, तर त्यानं दोनदा माझ्या हाताकडं बघितलं. गाडी लागली. त्याला मधली जागा मिळाली. खिडकीशी एक म्हातारी, मांडीवर वांग्यांची पिशवी, काच बंद. खालून मला आवाज येत नव्हता, पण तो वाकून तिला विचारतोय हे दिसत होतं. म्हातारीनं काहीतरी म्हटलं. त्यानं बोटांनी अंतर करून दाखवलं, एवढी? म्हातारीनं मान हलवली. मग त्यानं काच सरकवली, अर्धी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. मामा.

मी सवयीनं, भरल्या स्टँडात, मोठ्यानं म्हणालो, "बोला मामा."

"पाव्हणं, मशीन थांबलंय. काय तर मागतंय. तुमचं नाव आलंय वर." मामांच्या आवाजात कौतुक होतं. "न्हे की म्हणू का?"

ही वेळ त्यानंच साधली होती का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. गाडी सुरू झाली. मी गाडीकडं बघत फोनमध्ये म्हणालो, "थांबा मामा. काय पायजे म्हणतंय? कुठवर पायजे म्हणतंय?"

मामा गाड्यांच्या नंबरांवरून शिकलेल्या इंग्रजीत एकेक अक्षर वाचायला लागले. सावकाश, प्रत्येकापाशी थांबत. मी ऐकत राहिलो, शेवटपर्यंत ऐकलं, आणि म्हणालो, नको द्यायला.

"लई वंगाळ वाटतंय हो न्हाय म्हणाया," मामा म्हणाले.

म्हणालो, माझं नाव सांगा.

सोलापूरची गाडी फाटकातून वळत होती. अर्ध्या उघडलेल्या काचेतून जेवढा येईल तेवढाच त्याचा हात बाहेर आला, मनगटापर्यंत, आणि हलला. त्यासाठीही त्यानं म्हातारीला विचारलं असणार.